पाऊस बेभरवशाचा झालाय, मग गावचं पाणी आधीच वाटून घ्यायचं का?

शिवारातला (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. विषय पाण्याचाच आहे पण जरा वेगळ्या अंगाने बोलायचंय.

आमचं गाव जालना जिल्ह्यात. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर, कागदावर. प्रत्यक्षात तो कसा येतो हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, आमच्याकडे सोयाबीन फुलोऱ्यात असताना करपलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात असा कोसळला की सीना नदीकाठच्या लोकांची शेतं मातीसकट खरडून गेली. दोन्ही टोकं दोन वर्षांच्या अंतरात.

आता आमच्या ग्रामसभेपुढे दोन म्हणणी आहेत. एक, अजून शेततळी आणि नाला खोलीकरणाचा दुसरा टप्पा मागायचा. दुसरं, पावसाळा संपला की गावात पाणी किती मुरलंय ते मोजायचं, ताळेबंद मांडायचा आणि त्यावर रब्बी-उन्हाळी कोणी किती घ्यायची ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. दुसरं म्हणणं मांडणारी पोरं आठ-दहाच आहेत, पण मला त्यांचं पटतं. माझं स्पष्ट मत आहे की हवामान असं झाल्यावर नुसती साठवण वाढवून भागणार नाही, कमी पडलं तर कोणी किती थांबायचं हे पाणी असतानाच ठरलं पाहिजे. दुष्काळ पडल्यावर कोणी कोणाचं ऐकत नसतं.

पण खरा प्रश्न असा की विहीर माझी, मोटर माझी, वीजबिल माझं, मग गाव मला कसं सांगणार ऊस लावू नको म्हणून? कोणाच्या गावात असं झालंय का? टिकलंय का? मोडलं असेल तर कशामुळे? सगळं लिहा.

नाथसागर

जिव्हाळ्याचा विषय. वाचतोय.

बांधावरून

शिवारदादा, तुमच्याशी थोडा असहमत. वाटायला आधी हातात काही पाहिजे ना. आमच्याकडे आता पाऊस झड लागून पडतच नाही, दोन तासात शंभर मिलिमीटर टाकतो आणि मग वीस दिवस गायब. ते दोन तासांचं पाणी अडवायला जागा नसेल तर गेलं ते वाहून, माती घेऊन. आमच्या नाल्याचं खोलीकरण झालं त्यानंतर खालच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहायला लागलं, हे मी डोळ्यांनी बघतोय. त्यामुळे आधी साठवा, वाटपाचं नंतर बघू. ताळेबंदाच्या कागदाने पिकं भिजत नाहीत.

द्राक्षबाग

बांधावरून यांच्याशी सहमत. मी बागायतदार, शेततळं नसतं तर माझी बाग कधीच गेली असती. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला पाणी लागतंच, तेव्हा नेमका विहिरीला खडखडाट. कडवंची बघा, तुमच्याच जालना जिल्ह्यातलं गाव, आधी पाणलोटाचं काम आणि मग शेततळी, त्यावर द्राक्षं उभी राहिली आणि गावाचं नाव राज्यभर झालं. लोक शेततळ्याला उगाच नावं ठेवतात.

भूगर्भ

धागा चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो, आयुष्य खडक बघण्यातच गेलंय.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट आहे, म्हणजे काळा पाषाण. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर वाळू आहे तसं आपलं नाही. आपलं भांडं उथळ आणि लहान आहे, चांगल्या पावसात ते भरतं आणि नंतरचं सगळं वाहून जातं. आणि मुरायला नुसतं पाणी असून चालत नाही, वेळ लागतो. भिजपाऊस आठवडाभर पडला तर जेवढं मुरेल त्याच्या निम्मंसुद्धा ढगफुटीसारख्या पावसात मुरत नाही कारण जमिनीची पिण्याची गती ठरलेली असते. म्हणजे वर्षाची सरासरी तीच राहिली तरी पाऊस थोड्या दिवसांत पडायला लागला की भूजल कमी होतं. हवामान बदलाचा आपल्यावरचा सगळ्यात मोठा फटका हा आहे आणि तो पर्जन्यमापकात दिसत नाही.

म्हणून बांधावरून यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, पाणी थांबवायलाच हवं. पण कुठे थांबवायचं? माझ्या मते पहिल्यांदा शेतातच. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, रुंद सरी वरंबा, सोलापूरकडे कप्पे पाडतात तसे कप्पे. नाला ही शेवटची जागा, आपण मात्र पोकलेन घेऊन पहिल्यांदा तिथेच जातो कारण ते दिसतं आणि फोटो निघतो. खोलीकरणाचा शिरपूर पॅटर्न सुरेश खानापूरकरांनी धुळे जिल्ह्यात शिरपूरला उभा केला, काम मोठं आहे, पण त्यातला बराच भाग तापीच्या गाळाचा आहे आणि तिथला भूगोल वेगळा. तेच डोळे झाकून कठीण खडकात केलं तर काही ठिकाणी उलटं होतं, नाला इतका खाली जातो की शेजारच्या विहिरीचं पाणीच नाल्यात पाझरायला लागतं. खालच्या विहिरी वाढल्या म्हणता, वरच्या बाजूच्यांचं काय झालं ते पण एकदा विचारून या.

शेततळ्याबद्दल. पावसाचं वाहतं पाणी घेऊन भरलं तर उत्तम. पण आज बहुतेक ठिकाणी ५०० मायक्रॉनचा कागद अंथरून ते भरतात विहिरीतून आणि बोअरमधून, सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, भूजल वर असताना. हे म्हणजे सामाईक तिजोरीतले पैसे काढून स्वतःच्या अंगणात उन्हात मांडून ठेवणं झालं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं होतं आणि उडत नव्हतं. वर आणलं की ते एकाचं झालं आणि उडायलाही लागलं.

शेंगदाणा

भूगर्भ सर आले, आता सगळ्यांनी वह्या काढा 😄

द्राक्षबाग

@भूगर्भ सर, मान ठेवून सांगतो, तुम्ही म्हणता ते शास्त्राने बरोबर असेल. पण मी नाही उपसलं तर शेजारचा उपसणारच आहे. माझ्या बोअरशेजारी त्याचा बोअर माझ्यापेक्षा खोल. मी शहाणपणा करून थांबलो तर माझी बाग जाईल आणि पाणी तरीही जाईल. एकट्याने थांबून काय होणार?

शिवारातला

द्राक्षबाग दादा, हाच तर मुद्दा आहे. एकट्याने थांबून काहीच होत नाही, म्हणूनच सगळ्यांनी मिळून ठरवावं म्हणतोय.

गणितमास्तर

वरची चर्चा आकड्यात बसवून बघू. कोणीही वहीत करून बघावं.

आधी शेततळं. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना उतार धरला तर साधारण २२ लाख लिटर. फेब्रुवारी ते मे रोज सरासरी ८ मिलिमीटर वाफ धरा, मराठवाड्यात एप्रिल-मेला याहून जास्तच होते. चार महिन्यांत पातळी जवळपास मीटरभर खाली. वरचा मीटर सगळ्यात रुंद असतो, त्यात ८ लाख लिटरच्या वर पाणी असतं. म्हणजे तळं भरून ठेवलं तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नुसतं उन्हाला. (आधी वापरत गेलात तर कमी उडेल, हे मान्य.)

आता गाव. १००० हेक्टरचं शिवार धरू, २००० माणसं. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर म्हणजे १०,००० लिटर. वाईट वर्ष, ५०० मिलिमीटर पाऊस. एकूण पडलं ५०० कोटी लिटर. भूगर्भ सर, बेसाल्टमध्ये १० टक्के मुरतं असं धरलं तर चालेल ना? म्हणजे जमिनीखाली ५० कोटी लिटर.

पिण्याला-वापरायला जलजीवन मिशनच्या मापाने माणशी ५५ लिटर. २००० माणसं, ३६५ दिवस, झाले ४ कोटी लिटर. जनावरांचं त्यात अजून थोडं घाला.

ऊस १ हेक्टर, मोकळं पाणी दिलं तर पावसाचं वजा जाता दीड कोटी लिटर तरी. म्हणजे ३३ हेक्टर ऊस लावला की ५० कोटी संपलं. हजार हेक्टरच्या गावात फक्त ३३ हेक्टर!

हरभरा १ हेक्टर, दोन पाणी, प्रत्येकी ६ सेंटिमीटर, १२ लाख लिटर. पिण्याचं बाजूला काढून ठेवलं तरी उरलेल्यात पावणेचारशे हेक्टर हरभरा भिजतो.

आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक गावाचे वेगळे येतील. पण अंदाज यायला पुरेत.

नाथसागर

पिण्याला लागतं ५० कोटीतलं ४ कोटी. आणि टँकर कशासाठी येतो, तर पिण्याच्या पाण्यासाठी. मास्तर, हे वाचून अंगावर काटा आला.

भूगर्भ

मास्तर, १० टक्के ढोबळ हिशोबाला ठीक. पोकळ्यांचा बेसाल्ट असेल तर थोडं वर, घट्ट असेल तर खाली. आणि मुरलेलं सगळं उपसायला मिळत नाही, काही झिरपून ओढ्याला जातं आणि ते जाऊ द्यावं. त्यामुळे परिस्थिती तुमच्या आकड्यांपेक्षा थोडी वाईटच धरा.

अनुराधा_म

मला इथे एक सांगायचंय, कारण वर सगळे शेतीवरच बोलतायत. टँकर आला की हंडे घेऊन बायकाच पळतात, मुली शाळा बुडवतात. आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर आहे ना, तिच्या शेजारच्या रानात बागायत आहे. फेब्रुवारीपासून रात्री तिथली मोटर चालू झाली की सकाळी सार्वजनिक विहिरीत बादली बुडत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे कोणामुळे होतं ते, ग्रामसभेत मात्र कोणी बोलत नाही. ताळेबंद करणार असाल तर पहिली ओळ पिण्याच्या पाण्याची लिहा आणि तिला कोणी हात लावायचा नाही. आणि मोजमापाच्या टोळीत बायकांना घ्या. आम्हाला कुठल्या महिन्यात दोर किती खाली जातो ते तोंडपाठ असतं.

वकिलीतून_शेतीत

अनुराधाताई, कायदा तुमच्या बाजूने आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी १९९३ च्या कायद्यापासून आहे. पुढे महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ आला, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, आणि अधिसूचित क्षेत्रात पाण्यानुसार पीक आराखडा करायची, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन घालायची तरतूद आहे. म्हणजे धागाकर्त्याच्या "गाव मला कसं सांगणार" याचं कायद्यातलं उत्तर, सांगता येतं.

पण खरं सांगू का, गावाच्या बैठकीत कायद्याचं पुस्तक उघडलं की माणसं दोन गटात बसतात. बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे ३०० फूट मारून निघून जाते, तिथे कोण मीटरपट्टी घेऊन उभा राहणार? कायदा पाठीशी असावा, पुढे ठराव असावा.

पांझराकाठ

धुळ्याकडचा आहे. आमच्याकडची फड पद्धत या धाग्यावर आलीच पाहिजे. पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून लहान लहान दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या, त्यांची मजुरी धान्यात. शेतकऱ्याने आपल्या हाताने दारं धरायचं नाही, पाटकरीच सगळ्यांची भिजवणार. तो वरून खाली ओळीने जातो, कोणता मळा कोणाचा हे बघत नाही.

आणि त्यातली खुबी सांगतो जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी पंच बसून ठरवतात की यंदा अमुक फड भिजवायचा नाही. तो फड कोरडा राहिला तर सगळ्यांचंच थोडं थोडं कोरडं राहतं. एकाचं सगळं गेलं आणि दुसऱ्याचं सगळं वाचलं असं होत नाही, म्हणून कोणी भांडत नाही. तुटीचा भार सारखा वाटलेला असतो, तोही वर्ष सुरू व्हायच्या आधी.

वरच्या बाजूला धरणं झाली आणि काठावर घरोघरी विहिरी-मोटरी आल्या तशी पद्धत बऱ्याच ठिकाणी ढिली पडली. पण शिवारदादा, तुमची पोरं जे मागतायत ते नवीन काही नाही.

शिवारातला

पांझराकाठ, मनापासून आभार. "तुटीचा भार सारखा वाटलेला असतो" हे मी जसंच्या तसं ग्रामसभेत वाचणार आहे.

पेठेतला

शेतकरी नाही, पुण्यात राहतो, तरी विचारतो. शहरं किती पाणी घेतात त्यावर कोणी बोललं नाही. खडकवासल्याचं पाणी आधी पुण्याला आणि उरलं तर दौंड-इंदापूरला. आमच्या सोसायट्यांमध्ये अजून पिण्याच्या पाण्याने गाड्या धुतात. ताळेबंद फक्त खेड्यानेच का मांडायचा?

इंदापूरकर

@पेठेतला, हे शहरातल्या माणसाने विचारलं याचंच समाधान वाटलं. शहर घेतं त्यातलं बहुतेक सांडपाणी होऊन बाहेर पडतं, ते नीट शुद्ध झालं तर शेतीला चालतं. त्यासाठीच पुण्यातल्या मुंढव्याला जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) बांधून ते पाणी शेतीच्या बेबी कालव्यात टाकायची योजना झाली. कागदावर चांगलीच आहे, शेवटी पाणी कसं शुद्ध होतं यावर सगळं आहे. कालव्यावर फेस येतो तेव्हा आम्हाला दिसतं की नाही झालं. शहरांनी शंभर टक्के सांडपाणी शुद्ध करून दिलं तर पाऊस कमी असलेल्या वर्षीसुद्धा तेवढं पाणी हमखास मिळेल, कारण शहर तर रोज पाणी वापरणारच.

शेंगदाणा

मी ऐकलेलं सांगतो, हल्ली सोयरिकीला पाहुणे आले की पत्रिका नंतर, आधी बोअरला किती फुटावर पाणी आणि किती इंची ते विचारतात 😀

अनुराधा_म

शेंगदाणा, हसू नका, मुलीकडचे विचारणारच. पाणी कुठून आणावं लागेल हे तिलाच बघायचं असतं.

स्पष्टबोल्या

मला एक कळत नाही. दुष्काळ १९७२ लाही पडला होता, तेव्हा कुठे होता हवामान बदल? आता काहीही झालं की क्लायमेट चेंजवर ढकलायचं. पाणी अडवायच्या सरकारी जलयुक्त शिवार योजनेवर ९ हजार ६०० कोटींच्या वर खर्च झाला आणि २०२० मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने म्हटलं की भूजल वाढण्यात फारसा उपयोग दिसत नाही. नियोजनाचं पाप पावसाच्या माथी मारू नका.

भूगर्भ

स्पष्टबोल्या, दुष्काळ पूर्वीही होते, बरोबर. फरक सांगतो. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि मधल्या उघडिपीत तीच तापलेली हवा जमिनीतली ओल ओढून घेते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पडला, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांचा तो वर्षाचा पाऊस.

तुमची दुसरी गोष्ट मात्र मला शंभर टक्के मान्य. नियोजन चुकलंच. कॅगच्या अहवालातून घ्यायचं ते हेच की पाणी वाढलं तसा उपसाही वाढला, आणि उपशाकडे कोणी बघतच नव्हतं. बदललेला पाऊस आणि बेहिशेबी उपसा, दोन्ही एकदम चालू आहे. पाऊस आपल्या हातात नाही.

उसाचा_पट्टा

मास्तरांनी उसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय तर आमची बाजू पण ऐका. ऊस आम्ही हौसेने लावत नाही. उसाला एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे, कारखाना टोळी पाठवून तोडून नेतो, पैसे उशिरा का होईना मिळतात. हरभरा बाजारात आला की भाव पडतो, हमीभाव केंद्रावर बारदाना नसतो, कांद्याची निर्यात कधी बंद होईल सांगता येत नाही. पावसाची जोखीम मी घेतोच आहे, त्यावर बाजाराची जोखीम पण मीच घेऊ? मला हरभऱ्याच्या खरेदीची हमी द्या, मी पहिला ऊस मोडतो. आणि ठिबक केलंय आम्ही, पाणी खूप वाचतं.

गणितमास्तर

@उसाचा_पट्टा, पिंजऱ्यात पिकाला उभं केलंय, तुम्हाला नाही. ठिबकचं एक विचारू? वाचलेल्या पाण्याचं काय केलंत?

उसाचा_पट्टा

अजून एकरभर वाढवला. कोणीही वाढवेलच ना मास्तर, घरात खाणारी तोंडं आहेत.

गणितमास्तर

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. सगळीकडे हेच होतं. ठिबकने एकरी पाणी वाचतं, गावाचं तेव्हाच वाचतं जेव्हा एकूण उपशाला मर्यादा असते. भावाचं तुमचं म्हणणं मात्र खोडता येत नाही, त्याला गावाच्या ठरावात उत्तर नाही.

वीजतार

यात अजून एक भर. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, सौर पंपही भराभर बसतायत. सौर पंप मला मनापासून हवा आहे, रात्री-अपरात्री साप-विंचवात मोटर चालू करायला जायचं वाचलं, डिझेलचा धूर वाचला. पण ऊन असेपर्यंत पंप फुकट चालतो, मग बंद कोण करणार? आधी निदान लोडशेडिंगमुळे विहिरीला विसावा मिळायचा. सौर पंपासोबत उपशाचं काहीतरी बंधन आलं नाही तर कार्बन वाचेल आणि विहीर आटेल.

बांधावरून

बरं, आता सगळे नगरकडच्या हिवरे बाजार गावाचं नाव घेणार हे दिसतंय. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, शेतीला बोअर नाही, ऊस नाही, सगळं मान्य. पण तिथे सरपंच पोपटराव पवार होते, १९९० च्या आसपासपासून एकच खमकं नेतृत्व. गावोगाव पोपटराव कुठून आणायचे?

पांझराकाठ

बांधावरून, नेतृत्व लागतंच पण त्याहून नियम साधा लागतो. पुरंदरला विलासराव साळुंखेंनी बहात्तरच्या दुष्काळानंतर नायगावला पाणी पंचायत सुरू केली. नियम काय, तर पाणी जमिनीच्या हिशोबाने नाही, माणसाच्या हिशोबाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. हे शाळेत न गेलेल्या माणसालासुद्धा एका वाक्यात कळतं आणि कोणी जास्त घेतलं तर लगेच दिसतं. नाशिककडे वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था १९९१ पासून उभ्या राहिल्या, कालव्याचं पाणी मोजून घेतात, तिथे एक नेता नाही, अनेक संस्था आहेत.

बांधावरून

माणशी वाटा हे मला माहीत नव्हतं, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. तरीही साठवण आधी या मतावर मी आहे. फक्त एवढं म्हणतो की साठवणीचा आणि वाटपाचा ठराव एकाच दिवशी व्हावा. साठवण आधी आणि वाटप नंतर असं म्हटलं की ते नंतर कधी येत नाही.

शिवारातला

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या पोरांना मोजायचंय, पण कुठून सुरू करायचं? यंत्रं वगैरे काही नाहीत.

भूगर्भ

यंत्र नको. एक लांब मापाचा टेप, त्याच्या टोकाला वजन, आणि वही. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या काही विहिरी निवडा, रोज उपसा चालू असलेल्या टाळा, निदान मोजायच्या आदल्या रात्री मोटर बंद ठेवा. काठावर रंगाने एक खूण करा आणि दरवेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंत किती मीटर ते लिहा. एकदा ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, एकदा मे अखेरीस, मध्ये जमेल तेव्हा. शाळेत किंवा पंचायतीत पर्जन्यमापक बसवा, महसूल मंडळातला आकडा तुमच्या गावचा नसतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची तालुक्यात निरीक्षण विहीर असते, तिचे जुने आकडे मागा, म्हणजे तुमचं वर्ष चांगलं की वाईट ते ताडता येईल. पोकरा (हवामानानुकूल शेतीचा सरकारी प्रकल्प) किंवा अटल भूजल या केंद्राच्या योजनेत तुमचं गाव असेल तर ताळेबंदाचा आराखडा आधीच झालेला असेल, पंचायतीच्या कपाटात बघा.

ठराव रब्बीच्या पेरणीआधी. बियाणं घरात आल्यावर कोणी बदलत नाही.

अनुराधा_म

आणि आकडे फळ्यावर लिहा, सगळ्यांना येता-जाता दिसतील अशा ठिकाणी. वहीतले आकडे दोघा-तिघांचेच राहतात.

द्राक्षबाग

मी वर एकट्याने थांबून काय होणार म्हणालो होतो. ठराव असा होणार असेल की शेततळी फक्त जुलै ते सप्टेंबरमध्ये ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरायची, नंतर बोअरने भरायची नाहीत, आणि तो सगळ्यांना सारखा लागू असेल, तर मी सही करायला तयार आहे. बागेचं क्षेत्र त्यात बसेल तेवढंच ठेवेन. पण शेजाऱ्याची सही माझ्या आधी पाहिजे 🙂

वकिलीतून_शेतीत

दोघांनी एकदमच करा, मी साक्षीदार.

शिवारातला

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मसुदा असा करतोय: पिण्याचं आणि जनावरांचं पाणी सगळ्यात आधी बाजूला. पाणीपुरवठ्याच्या विहिरीशेजारचा उपसा फेब्रुवारीपासून बंद, त्या शेतकऱ्याच्या नुकसानीचा वाटा सगळ्या गावाने उचलायचा, कारण त्याच्या एकट्यावर टाकणं बरोबर नाही. शेततळ्यांचं द्राक्षबाग दादांनी लिहिलंय तसंच. विहिरींची पातळी ठरल्यापेक्षा खाली असेल त्या वर्षी उन्हाळी पीक कोणीच घ्यायचं नाही. आणि वरच्या शेतांच्या बांधबंदिस्तीचा प्रस्ताव याच सभेत, बांधावरून यांच्या म्हणण्याप्रमाणे.

नवीन ऊस लावायचा नाही हे कलम घालायचं की नाही यावर पोरांमध्येच दोन मतं आहेत. उसाचा_पट्टा यांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा निम्मी गप्प झाली.

उसाचा_पट्टा

असलेला ऊस खोडव्यापर्यंत (तोडणीनंतर त्याच मुळावर येणारं पीक) राहू द्या, नवीन लागण थांबवा. एवढं मी माझ्या गावात पण मान्य करीन. आणि हरभरा, ज्वारी गावाने एकत्र विकायचं बघा, शेतकरी कंपनी असेल तर तिच्यामार्फत. ते जमलं तर कलम आपोआप टिकेल.

पांझराकाठ

ठरल्यापेक्षा खाली म्हणजे किती, तो आकडा ठरावात घाला दादा. आकडा नसला की वाद त्याच्यावरच होतो.

शिवारातला

घालतो. ऑक्टोबरातलं पहिलं माप आलं की इथेच टाकतो, भूगर्भ सरांनी बघून सांगावं.